निजामाची स्पिटफायर आणि बेगमपेठचं टायगर मॉथ

हैदराबाद आणि दुसरं महायुद्ध असा विषय निघाला की आपल्याकडच्या लेखांत नि व्याख्यानांत ठरलेली तबकडी लागते. सातव्या निजामाने ब्रिटिशांना विमानांसाठी पैसे दिले, म्हणून रॉयल एअर फोर्सच्या तीन स्क्वाड्रनना आपल्या शहराचं नाव मिळालं. ११० हैदराबाद, १५२ हैदराबाद आणि २५३ हैदराबाद स्टेट. मग १५२ च्या बोधचिन्हावरचा निजामाचा शिरपेच, 'विश्वासू दोस्त' या अर्थाचं ब्रीद, स्पिटफायरचा एक झोकदार फोटो, आणि लेख संपला. माहिती खोटी नाही. १९१८ मध्ये ११० स्क्वाड्रनला निजामाच्या पैशातून डी.एच. ९ए विमानं मिळाली होती, आणि १९४० च्या उन्हाळ्यात १५२ ची स्पिटफायर आणि २५३ ची हरिकेन विमानं इंग्लंडच्या आकाशात लढत होती. पण मंडळी, जरा थांबून विचारूया की यात हैदराबाद कुठे आहे? पैसा हैदराबादचा, नाव हैदराबादचं. विमान, वैमानिक आणि आकाश मात्र तिकडचं.

त्याच युद्धात बेगमपेठच्या विमानतळावर रोज सकाळी विमानं उडत होती, आणि ती उडवणारी पोरं विशीच्या आतबाहेरची होती. भारतातली क्रमांक १ ची प्राथमिक उड्डाण प्रशिक्षण शाळा बेगमपेठला होती, क्रमांक २ ची जोधपूरला. शिकायला विमान होतं डी हॅविलंडचं टायगर मॉथ, दोन पंखांचं, दोन उघड्या सीटांचं. हुसेन सागराच्या बाजूने, सिकंदराबादच्या छावणीवरून ही विमानं घिरट्या घालत. आपल्या शहराच्या आकाशाचा युद्धकाळातला खराखुरा इतिहास म्हणायचा तर तो हा. आणि त्याच्यावर आपण काय लिहितो? 'बेगमपेठला प्रशिक्षण केंद्रही होतं.' हे 'ही' मला फार खुपतं.

असं का होतं, याचं कारण सरळ आहे. विमानाचं मोल आपण त्याने पाडलेल्या विमानांवरून करतो. शिकाऊ विमानाने कुणाला पाडलेलं नसतं, पाडलं असेल तर आपल्याच विद्यार्थ्याला. मग त्याच्यावर लिहायचं काय? लिहिलंच तर 'साधं, सोपं, गोंडस विमान' असं कौतुकाचं एक वाक्य. माझा आक्षेप दुर्लक्षावर आहे तितकाच या कौतुकावरही आहे. टायगर मॉथ सोपं नव्हतं, आणि त्याचं खरं गुणवर्णन त्याच्या सोपेपणात नाही.

एखाद्या ग्रंथाचं परीक्षण करताना आपण त्याची रचना पाहतो, तसं हे विमान पाहावं. २६ ऑक्टोबर १९३१ ला ते पहिल्यांदा उडालं. इंजिन जिप्सी मेजर, चार सिलिंडरांचं, १३० अश्वशक्तीचं. धडाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखांचा सांगाडा लाकडी, वरून ताणून बसवलेलं कापड. कमाल वेग ताशी १७५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आजच्या रेल्वेगाड्यांना फारशी लाज वाटू नये इतकाच. पेट्रोलची टाकी वरच्या पंखाच्या मधोमध, तिथून पेट्रोल आपल्या वजनानेच खाली इंजिनात उतरायचं, पंप नाही. ब्रेक नाहीत. शेपटीखाली चाक नाही, नुसती घसरपट्टी. सेल्फ स्टार्टर नाही, प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन चालू करायचं. या यादीवरून वाटेल की काटकसरीने बनवलेलं, जुन्या पठडीतलं यंत्र आहे. काटकसर होतीच. पण काही गोष्टी मुद्दाम घडवलेल्या आहेत, आणि त्या वाचता आल्या पाहिजेत.

पहिली म्हणजे पंखांचा आकार. टायगर मॉथचा फोटो बाजूने पाहिला तर वरचा पंख खालच्यापेक्षा पुढे सरकलेला दिसतो, आणि वरून पाहिलं तर पंख किंचित मागे कललेले. हे सौंदर्यासाठी नाही. याच्या आधीच्या मॉथमध्ये पुढची सीट वरच्या पंखाच्या थेट खाली, दांड्यांच्या नि तारांच्या जंजाळात असायची. पाठीला पॅराशूट बांधलेल्या माणसाला वेळ आली तर तिथून बाहेर पडणं अवघड. म्हणून वरच्या पंखाचा मधला भाग पुढे नेला. त्याने तोल बिघडला, तो सावरायला पंख मागे वळवले. पुढच्या सीटवर कोण बसायचं? इन्स्ट्रक्टर. म्हणजे या विमानाची ओळखीची रेषा मास्तरांना जीव वाचवून उडी मारता यावी म्हणून आलेली आहे. स्पिटफायरच्या पंखाच्या लंबगोल रेषेवर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांनी या रेषेवर एखादा परिच्छेद खर्च करायला हरकत नव्हती.

दुसरी गोष्ट बसण्याची. मास्तर पुढे, विद्यार्थी मागे. आपल्याला उलटं वाटतं, कारण मोटार शिकताना शिकणारा स्टिअरिंगवर आणि शिकवणारा बाजूला असतो. पण पुढची सीट विमानाच्या तोलाच्या बिंदूजवळ आहे. ती रिकामी झाली तरी तोलात फारसा फरक पडत नाही. म्हणून एकट्याने उडवायचं ते नेहमी मागच्या सीटवरून. पहिल्या दिवसापासून विद्यार्थी ज्या जागी बसला, एकट्याच्या दिवशीही तीच जागा, तेच दांडे, तेच घड्याळाएवढाले काटे. बदललं काय, तर समोरचं डोकं गेलं. इतके तास ज्या हेल्मेटकडे बघत उडलो ते अचानक नाही, समोर सगळं उघडं, आणि एका माणसाचं वजन कमी झाल्यामुळे विमान जमीन सोडायला नेहमीपेक्षा उतावीळ. विद्यार्थ्याला कळायच्या आत तो हवेत असायचा.

दोघांमध्ये बोलणं कसं? रबरी नळीतून. एका टोकाला तोंड लावायचं, दुसरं टोक हेल्मेटच्या कानात. वीज नाही, रेडिओ नाही. इंजिनाच्या आवाजात, वाऱ्याच्या झोतात, नळीतून येणारं इंग्रजी. मुंबईच्या, मद्रासच्या, पंजाबच्या पोरांनी हे इंग्रजी नळीतून ऐकून हात-पाय हलवायला शिकले. आपले काचीगुड्याचे लोक आजही फोनवर 'हौ, हौ' करतात आणि मग विचारतात 'काय म्हणाला तो?', त्यावरून कल्पना करावी.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि 'सोपं विमान' म्हणणाऱ्यांच्या नजरेतून ती नेमकी सुटते. विमान डावी-उजवीकडे कलवायला पंखांच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असतात, त्यांना एलरॉन म्हणतात. टायगर मॉथला त्या फक्त खालच्या पंखांवर आहेत. त्यांचा परिणाम सुस्त. वर असं की दांडा डावीकडे नेला तर विमान डावीकडे कलतं, पण नाक मात्र आधी उजवीकडे जायला बघतं. ते जाऊ नये म्हणून पायाने रडर द्यावा लागतो, आणि तो मोजून. कमी दिला तर विमान एका बाजूने हवेत घसरतं, जास्त दिला तर दुसऱ्या बाजूने. आणि कॉकपिट उघडं असल्याने ही चूक काट्यावर बघावी लागत नाही, वाराच एका गालावर थप्पड मारून सांगतो. हातापायाचा मेळ नसलेला विद्यार्थी टायगर मॉथमध्ये लपूच शकत नाही. सांभाळून घेणारं विमान म्हणतात ते एवढ्याच अर्थाने खरं की चूक केल्यावर ते लगेच मारून टाकत नाही. पण चूक झाली हे दर वेळी सांगतं. शिक्षकाकडून आपण आणखी काय मागतो?

याची तुलना जर्मनांच्या ब्यूकर युंगमानशी करून पाहा. तेही दोन पंखांचं, दोन उघड्या सीटांचं, १९३४ चं. चारही पंखांवर एलरॉन, हाताला हलकं, वळवावं तसं वळणारं. उडवायला कुठलं विमान चांगलं असं विचारलं तर जुन्या विमानांचे शौकीन युंगमानचंच नाव घेतील, आणि बरोबर घेतील. इंग्लंडमध्येही माइल्स मॅजिस्टर होतं, १९३७ चं, एकाच पंखाचं, फ्लॅप असलेलं, म्हणजे पुढे ज्या हरिकेन-स्पिटफायरवर जायचं त्यांच्या जवळचं. टायगर मॉथ या दोघांपुढे जुनाट दिसतं. ते आधीच फ्लाइंग क्लबांतून रुळलेलं होतं, भराभर बनवता येत होतं, म्हणून त्याची निवड झाली हे खरंच आहे. युद्धात डी हॅविलंडला आपला कारखाना मॉस्किटो विमानासाठी मोकळा करायचा होता, तेव्हा टायगर मॉथचं काम काउलीच्या मॉरिस मोटार कारखान्याकडे दिलं, आणि मोटारी बनवणाऱ्यांनी तीन हजारांवर विमानं बनवली. ऑस्ट्रेलिया, कॅनडा धरून एकूण आठ हजारांच्या वर. इतकी संख्या उत्तमपणाचा पुरावा नाही, हे मान्य. तरी माझं मत असं की उडायला उत्तम आणि शिकवायला उत्तम या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. ज्या विमानात नीट उडणं आपोआप होतं, त्यात नीट उडणं म्हणजे काय हे शिकायला वेळ लागतो.

आता उलट बाजू. भाबडेपणा नको. टायगर मॉथमध्ये थंडीत माणूस गारठायचा आणि उन्हाळ्यात भाजायचा. विमान जमिनीवर शेपटी टेकून उभं असताना मागच्या सीटवरून समोरचं काही दिसत नाही, म्हणून नागमोडी चालवत न्यायचं. वारा असला तर ब्रेक नसलेल्या या पतंगाचा पंख धरायला माणसं पळवावी लागत. उलटं उडवलं की पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही आणि इंजिन गप्प. दख्खनच्या पठारावर आणखी एक भर. बेगमपेठ समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच, त्यात एप्रिल-मे महिन्यांची दुपार. तापलेली हवा विरळ, पंखांना कमी उचलते, इंजिनाचा दमही कमी पडतो. १३० घोड्यांतले कितीतरी तिथेच बसतात. त्यावर खडकाळ रानावरून उठणारे हवेचे लोट. इंग्लंडच्या हिरव्या कुरणावरचं टायगर मॉथ आणि आपल्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांवरचं टायगर मॉथ यांना एकच विमान समजून लिहिणं हीसुद्धा आपल्या लेखकांची आळशी सवय आहे.

आणि शिकताना माणसं मरत. ब्रिटनच्या एकट्या बॉम्बर कमांडमध्ये प्रशिक्षणातल्या अपघातांत ५ हजारांहून अधिक मेले. ती सगळी मोठ्या विमानांसह धरून आहे, टायगर मॉथची नव्हे. पण 'युद्ध' आणि 'युद्धाची तयारी' अशी जी भिंत आपण मनात घालतो ती किती पातळ होती ते यावरून कळतं. गिरकीचं उदाहरण घ्या. विमानाचा वेग फार कमी झाला आणि ते एका अंगाला घसरलं की भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. नवख्याची पहिली प्रतिक्रिया दांडा पोटाशी ओढायची असते, आणि त्याने गिरकी सुटत नाही. सुटते ती उलटा रडर आणि दांडा पुढे, म्हणजे जमिनीकडे, ढकलून. हे शरीराला पटत नाही, म्हणूनच ते आधी शिकवत. त्या काळच्या ठरलेल्या अभ्यासक्रमात गिरकी दहाव्या क्रमांकावर आणि पहिलं एकट्याचं उड्डाण अकराव्या. क्रमाने काय सांगितलं ते पाहा. मरण कसं टाळायचं ते एकदा करून दाखव, मग मी उतरतो.

१९४१ च्या सुमारास या विमानालाच गिरकीतून बाहेर यायला त्रास होऊ लागला, तेव्हा शेपटीच्या पुढे दोन्ही बाजूंना पातळ फळ्या बसवल्या गेल्या. आधीच्या वर्षी जर्मन इंग्लंडवर उतरतील या भीतीने याच शिकाऊ विमानांना छोटे बॉम्ब टांगायची सोय केली होती, प्रत्येकी वीस पौंडांचे आठ. विचार करा, ताशी दीडशेने जाणारं कापडी विमान घेऊन कुणी समुद्रकिनाऱ्यावर उतरणाऱ्या फौजेवर जायचं. ती वेळ आली नाही. पुढे ब्रह्मदेशात मात्र काही टायगर मॉथच्या पाठीवरचं झाकण उघडतं करून आत जखमी सैनिकाला निजवून नेत. लढाईत भाग घेतलाच तर तो असा.

या विमानाला साहित्यात न्याय मिळाला का? रोआल्ड डालचं 'गोइंग सोलो' हे १९८६ चं आत्मकथन आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी त्याची मुलांची पुस्तकं वाचली म्हणून नंतर वाचलेलं असतं. नैरोबीला १९३९ अखेर डाल टायगर मॉथवर शिकला. साडेसहा फुटी माणूस, डोकं काचेच्या वर निघालेलं, वाऱ्याच्या झोतात श्वास घ्यायला नाका-तोंडावर कापड बांधून उडणारा. ७ तास ४० मिनिटांच्या शिक्षणानंतर एकटा उडाला. हा भाग मला फार आवडतो, आणि तरी माझी तक्रार आहे. तो प्रेमात पडून लिहितो. विमान त्याला केनियाची जनावरं वरून बघायला मिळालेलं तिकीट आहे. शिकणं कसं होतं, हातापायांत काय बसतं, काय बसत नाही, हे त्यात थोडंच. पण मग तो एक आकडा देतो आणि पुस्तक एकदम गंभीर होतं. त्याच्या तुकडीतल्या १६ जणांपैकी १३ पुढच्या दोन वर्षांत हवेत मेले. आणि त्याच्या स्वतःच्या कथेतला दोष नेमका कुठे आहे हेही तो दाखवतो. सप्टेंबर १९४० मध्ये त्याला ग्लॅडिएटर हे लढाऊ विमान, पूर्वी कधी न उडवलेलं, दिलं गेलं आणि लिबियाच्या वाळवंटातल्या तळावर जायला सांगितलं. तळ सापडला नाही, अंधार पडू लागला, विमान कोसळलं. टायगर मॉथने आपलं काम केलं होतं. पुढची पायरी कुणी बांधली नव्हती.

भारतात या पायऱ्या युद्धाच्या ओघात बांधल्या गेल्या. बेगमपेठ किंवा जोधपूर, मग अंबाल्याची पुढची शाळा, तिथे आधी हार्ट-ऑडॅक्ससारखी जुनी विमानं आणि नंतर अमेरिकन हार्वर्ड, सहाशेच्या घरातलं इंजिन, बंद काच, आत घेता येणारी चाकं. मग रिसालपूरला हरिकेनवर हात साफ. आपल्या हैदराबादचे इद्रिस हसन लतीफ यांना १९४२ मध्ये कमिशन मिळालं आणि पहिली नेमणूक कराचीच्या किनारी तुकडीत वापिती, हार्ट, ऑडॅक्स अशा दोनपंखी विमानांवर झाली. म्हणजे शिकण्याची आणि लढण्याची विमानं सुरुवातीला जवळजवळ एकाच वयाची होती. १९७८ मध्ये मूळगावकरांच्या हातून हवाईदलाचं प्रमुखपद लतीफांकडे आलं, नंतर ते महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असतं. वापिती ठाऊक नसते.

याच काळात बंगळूरला जे झालं ते मात्र आपण अभिमानाने सांगतो, पण तिथेही एक शब्द गाळून. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर सरकारला बरोबर घेऊन हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी केली, आणि १९४१ मध्ये तिथे पहिलं विमान जुळून उडालं. ते लढाऊ नव्हतं. ते हार्लो पीसी-५ होतं, अमेरिकेतून आलेल्या भागांतून जुळवलेलं शिकाऊ विमान. दहा वर्षांनी, ऑगस्ट १९५१ मध्ये, त्याच कारखान्याने स्वतः आखलेलं एचटी-२ उडालं, आणि हवाईदलात टायगर मॉथची जागा त्याने घेतली. तेही शिकाऊच. आखणारे विष्णु माधव घाटगे, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हसूरचंपूचे, ग्योटिंगेनला प्रांट्लकडे शिकून आलेले. बेळगावच्या मंडळींना हे गाव शेजारचंच. घाटग्यांनी टायगर मॉथमधलं काय ठेवलं आणि काय टाकलं हे ताडून बघणं मोठं गमतीचं आहे. एकामागे एक बसणं ठेवलं. वरचा पंख, तारा, कापड टाकलं, धातूचा एकच पंख खाली नेला, वर काच घातली. वाऱ्याची थप्पड गेली. त्याबद्दल जुन्या मास्तरांनी थोडी हळहळ केली असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे.

बेगमपेठहून प्रवासी विमानं २००८ च्या मार्चमध्ये शमशाबादला गेली. शिकणं मात्र शहर सोडून गेलं नाही. हवाईदलाची अकादमी इथून जवळ दुंडिगलला आहे, आणि तिथले विद्यार्थी आज पिलाटस विमानावर सुरुवात करतात. म्हणून हैदराबादच्या विमान-इतिहासाचं एखादं प्रदर्शन कुणी लावायचं ठरवलं, तर माझी सूचना आहे की पहिल्या भिंतीवर शिरपेचाचं बोधचिन्ह नको. आणि टायगर मॉथ मिळालंच तर ते छताला टांगू नका. खाली, जमिनीवर ठेवा, मागच्या कॉकपिटात डोकावता येईल असं, पुढची सीट रिकामी.

सोबत एखादं लॉगबुक उघडून ठेवता आलं तर उत्तम. घराघरांतल्या ट्रंकांतून अशी लॉगबुकं निघतात तेव्हा लोक थेट शेवटची पानं चाळतात, लढाईची. पहिली पानं पाहा. तारीख, विमानाचा प्रकार नि नंबर, मास्तरांचं नाव, आणि 'काय केलं' या रकान्यात नुसते आकडे. ४, ५, ६. मग ७, ८, ९ पुन्हा पुन्हा, कारण उतरणं जमत नाही. मग १०. आणि त्यानंतर कधीतरी ११, मास्तरांच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव, आणि वेळेच्या रकान्यात बहुधा दहा-पंधरा मिनिटं.